सॅन होजेला येण्याआधी स्वतःच्या विसाव्याचं बघ

तू विचारलंस, नवऱ्याची सॅन होजेला बदली होतेय, मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही; तिकडे शाळा-थेरपी सगळं मिळतं म्हणतात, पण घरी मदतीला कुणी नसताना मला एकटीला झेपेल का? मुलाच्या सोयींबद्दल तुला बरेच जण सांगतील. मी आधी तुझ्याबद्दल बोलते.

पुण्यात तू किती हातांवर विसंबून आहेस ते मोज. आई दुपारी त्याच्यापाशी बसते, पोळ्यांच्या मावशी लाटता लाटता लक्ष ठेवतात, शेजारच्या काकू हाकेसरशी येतात. इथे ते सगळे हात तुझेच. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, माझ्याहून वीतभर उंच. त्याला आंघोळ घालताना माझी कंबर रोज बोलते.

कॅलिफोर्नियात 1969 सालापासून लँटरमन कायदा आहे, म्हणजे ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांना मदत देण्याचा कायदा. त्याखाली ही मदत ठरवून देणारी 21 रीजनल सेंटर्स राज्यात आहेत. तुमच्या भागाचं सॅन अँड्रियास. व्हिसा कुठला हे तिथे बघत नाहीत, राज्यात राहत असलं की अर्ज करता येतो. पण पात्र ठरेपर्यंत काही महिने जाऊ शकतात, कारण तपासणीलाच 120 दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणून घराचा पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात फोन कर, आणि पुण्यातले सगळे रिपोर्ट हातातल्या सामानात आण.

पात्र ठरल्यावर आयपीपीची बैठक होते, म्हणजे मुलाला आणि घराला काय लागतं त्याचा आराखडा. तिथे मी चुकले. त्यांनी विचारलं, "घरी कसं चाललंय?" मी म्हटलं, "छान, आम्ही सांभाळतो." आपल्याला तसंच बोलायची सवय. कागदावर तेच उतरलं आणि वर्षभर रेस्पाइटचा एक तास पदरात पडला नाही. रेस्पाइट म्हणजे तुला विसावा मिळावा म्हणून कुणीतरी घरी येऊन मुलाला सांभाळणं.

दुसऱ्या वर्षी वही घेऊन गेले. तीन आठवड्यांच्या रात्री लिहिल्या होत्या: 2:10 ला उठला, दार बडवलं, 3:40 ला चादर ओली, 5 पर्यंत दोघंही जागे. ती पानं समोर ठेवली आणि तास मंजूर झाले. पहिल्या संध्याकाळी सांभाळणारी बाई आली, तेव्हा मी गाडी काढून कोपऱ्यावर जाऊन थांबले. फोन हातात घट्ट धरला होता. कधी डोळा लागला कळलंच नाही, दीड तास तशीच झोपले. परत आले तर हा जमिनीवर वाट्यांची उतरंड लावत बसला होता, आणि ती बाई शेजारी बसून एकेक वाटी त्याच्या हातात देत होती. मला रडूच फुटलं.

आयएचएसएस म्हणजे घरी सांभाळणाऱ्याला पैसे देणारी सरकारी योजना; तिच्यातून आईलाच पगार मिळतो, असं तुला कुणीतरी सांगेल. मिळू शकतो, पण एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, वर्क परमिट हातात नसेल तर तू ते पैसे घेऊ नकोस. शिवाय या योजनेसाठी मुलाला मेडि-कॅल, म्हणजे राज्याचा सरकारी आरोग्य विमा, लागतो. तो घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार.

नवऱ्याला एचआरकडून आत्ताच लेखी उत्तर मागवायला सांग: विमा सेल्फ-फंडेड (कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते तो) आहे का, आणि त्यात एबीए (वर्तनावरची थेरपी), स्पीच (बोलण्याची), ओटी (रोजची कामं जमण्यासाठीची) आहे का? ऑटिझमच्या थेरपीचा खर्च विम्याने द्यावा हा इथला कायदा जुलै 2012 पासून लागू आहे, पण कंपनीने स्वतःच्या पैशातून चालवलेल्या विम्यावर तो बंधनकारक नाही. ऑफर हातात असते तोवरच बोलता येतं.

शाळेचं मात्र सोपं आहे. नाव घालतानाच तपासणीची मागणी लेखी दे. तपासणीला संमतीची तुझी सही शाळेला मिळाल्यापासून साधारण 60 दिवसांत आयईपीची, म्हणजे मुलाच्या शाळेतल्या शिक्षणाच्या आराखड्याची, बैठक व्हायला हवी, पण उन्हाळ्याची सुट्टी त्यात धरत नाहीत. जूनमध्ये आलात तर महिने फुकट जातील. जमलं तर शाळा सुरू व्हायच्या सुमारास या.

आयपीपीच्या बैठकीला मराठी दुभाषी मागता येतो आणि आपलं माणूसही सोबत नेता येतं. मी फ्रीमाँटला असते, तिथून तुमचं घर काही लांब नाही. तारीख ठरली की कळव, मी येते. येताना तुझी वही आण.