निळी टोपी हवी म्हणतोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोळाशे मीटरचा वेळ कमी झाला हे वाचून बरं वाटलं. 'यूएनच्या फौजेत भरती कशी होते' याचं उत्तर एका ओळीत संपतं: अशी फौजच नाही. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःची एकही पलटण नाही. सुरक्षा परिषद ठराव करते आणि देश आपापल्या पलटणी देतात. तेव्हा आधी तू आपल्या फौजेचा जवान होणार. पलटणीचा नंबर लागला तरच शांतिसेनेची निळी टोपी.

पैशाचं विचारलंस, त्यात लाजायचं काय? संयुक्त राष्ट्रं एका जवानामागं महिन्याला 1,400 डॉलरहून जास्त देतात, पण ते सरकारला. सरकार आपल्या नियमानं भत्ता देतं. झालं.

आता मुद्द्याचं. शांतिसेना तीन अटींवर उभी असते: भांडणाऱ्यांची संमती, कोणाची बाजू न घेणं, आणि स्वतःचा बचाव किंवा सोपवलेलं काम यांपलीकडे बळ न वापरणं. तू तिसरीपाशीच अडकलास, 'मग बंदूक कशाला?' म्हणून. कॅप्टन गुरबचन सिंग सलारियांचं वाच. 5 डिसेंबर 1961, काँगोतलं एलिझाबेथविल. वाट अडवून बसलेल्या सुमारे 90 जणांवर ते 16 गोरखे घेऊन तुटून पडले आणि तिथंच कामी आले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. म्हणजे वेळ आली तर बंदूक चालवावीच लागते. पण मला विचारशील तर सगळा खेळ पहिल्या अटीचा.

1987 साली आपली फौज श्रीलंकेत गेली. तिच्या नावातच शांती होती, पण ती संयुक्त राष्ट्रांची नव्हती. दोन सरकारांच्या करारानं गेली होती. तिथल्या तमिळ बंडखोरांच्या एलटीटीई संघटनेनं तो करार मनापासून मानलाच नव्हता. तीन महिने व्हायच्या आत आपण त्यांच्याशीच लढत होतो. 1990 मध्ये परतेपर्यंत अकराशेहून जास्त जवान गेले.

लांब कशाला, तुझ्या धरणगावचंच बघ. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तरी डोंगरातले भिल्ल त्यांना जुमानेनात. मग 1825 मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं तुमच्या गावात भिल्ल कोअर ही पलटण उभी केली, तीही भिल्लांचीच पोरं घेऊन. साहेबाच्या लेखी ही शांतताच. ज्यांच्या डोंगरात ती आणली, त्यांना कोणी विचारलं होतं? परमुलखात बंदूक घेऊन उभा राहशील, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याला तू आउट्रमच दिसशील. त्याचं मन पालटायचं कसं, ही खरी ड्युटी.

राजधानीत सही झाली म्हणून गावानं तुला घरात घेतलं असं होत नाही. दक्षिण सुदानात आपल्या तुकडीबरोबर जनावरांचे डॉक्टरही गेले. तिथं गुरं म्हणजे पैसा, गुरं म्हणजे लग्नातलं देणं. त्यांच्या चोरीवरून गावंच्या गावं एकमेकांवर उठतात. आजारी गाय बरी करणाऱ्याला तिथं जी ओळख मिळते, ती पहारा देऊन मिळत नाही. लायबेरियात 2007 मध्ये आपल्या सीआरपीएफच्या बायकांची तुकडी गेली. पोलिसांची अशी सगळी महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत पहिलीच.

उलटंही होतं. जुलै 2022 मध्ये पूर्व काँगोत लोकच मोहिमेच्या छावण्यांवर चालून गेले. इतकी वर्षं इथं बसून आम्हाला वाचवलं काय, हा त्यांचा सवाल. बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. त्या जवानांचा काय दोष? पण लोकांचा राग अगदीच खोटा होता, असंही मी म्हणणार नाही.

म्हणून पळणं चालू ठेव, पण तेवढ्यावर राहू नकोस. गोठ्यातल्या जनावरांचं औषधपाणी बापाकडून नीट शिकून घे. काँगोचा सरकारी कारभार फ्रेंचमध्ये चालतो. मोबाइलवर निदान ओळखीपुरती फ्रेंच सुरू कर. पोरं हसतील, हसू देत. आणि परदेशाचं आईजवळ आत्ताच काढू नकोस, आधी भरती होऊ दे. आखाजीला येतोच आहे, तेव्हा तिच्याशी मी बोलेन.

तुझा,
सुभेदार काका
भुसावळ