जोत्यातून चढणारी ओल

वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणण्याआधी जरा थांबा. कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतोच, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. पोपडे तेवढ्याच पट्ट्यात असतील आणि पांढरे क्षार फुटले असतील, तर ओल खालचीच समजा. छताजवळ असेल तर आधी कौलं तपासा.

कोब्यातून, म्हणजे घरातल्या जमिनीतून, ओल येत असल्याचा संशय असेल तर प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस तसाच ठेवा. खालच्या अंगाला थेंब धरले तर पाणी जमिनीतलं, वरच्या अंगाला धरले तर हवेतला दमटपणा.

मग बाहेर या. पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागूनच पडतंय का? पन्हळ लावा, भिंतीपासून बाहेर उतार काढा, जोत्याला टेकलेली माती आणि कुंड्या हटवा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. सिमेंटचा गिलावा मात्र अजिबात नको. ओल आत कोंडते आणि आणखी वर सरकते. खराब झालेला गिलावा खरवडून काढा, भिंत पूर्ण सुकू द्या, मगच चुन्याचा करा. सुकायला अख्खा उन्हाळा लागला तरी लागू द्या, घाई करू नका.