इंजेक्शन मोल्डने (दाबाने भरायच्या साच्याने) घरी सॉफ्ट प्लास्टिक ल्यूर, म्हणजे गरवायचं मऊ कृत्रिम आमिष, करतोय. बुडबुडे येतात, शेपटी अर्धवट राहते, रंग पिवळा पडतो. महागडा मोल्ड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी गरवता, कालवांच्या खडकात ल्यूर फाटतात म्हणून ॲल्युमिनियमचा दोन फाळक्यांचा साधा मोल्ड आणि हातातला इंजेक्टर मागवलात, आणि पहिल्याच घाण्यात हे तिन्ही दोष दिसले. दुसरा मोल्ड सध्या घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून गडबड ताप आणि ओलावा या दोन गोष्टींत आहे. त्या हातात आल्या की आहे त्याच मोल्डमधून छान ल्यूर निघतील. मी मालवणकडचा, आचऱ्याच्या आणि कर्लीच्या खाडीत गरवतो, स्वतःपुरती ल्यूर घरीच करतो. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या, थंड देशांतले असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ताप. ल्यूरचा माल म्हणजे प्लास्टिसॉल: पीव्हीसी प्लास्टिकची अगदी बारीक पूड प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली. थंड असताना ते दुधाळ आणि पातळ असतं. तापवायला लागलात की अर्ध्या वाटेवर ते एकदम घट्ट होतं, गुठळ्या धरतं, चमचा फिरेनासा होतो. नवा माणूस इथे माल बिघडला असं समजतो. बिघडलेला नसतो; पूड द्रव शोषून फुगत असते. पुढे तापमान १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की सगळं एकजीव होतं, दुधाळपणा जातो आणि काकवीसारखी सलग धार पडते. भरायची वेळ ती. २०० अंशांच्या पुढे गेलात की पिवळेपणा येतो, मग तपकिरी रंग आणि डोळ्यांना झोंबणारा धूर. तो धूर म्हणजे पीव्हीसी फुटून निघालेली हायड्रोजन क्लोराइडची वाफ, तेव्हा तिथे थांबायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, रंग पिवळा म्हणजे ताप जास्त, आणि शेपटी अर्धवट म्हणजे ताप कमी. दोन्ही एकाच घाण्यात कसं? मायक्रोवेव्हमध्ये हेच होतं. तो सगळीकडे सारखं तापवत नाही. कपाच्या एका बाजूला माल करपतो आणि दुसरीकडे अजून कच्चा, जाडसर असतो. म्हणून अर्धा कप मालाला सुरुवातीला दीड-दोन मिनिटं, आणि त्यानंतर फक्त वीस-तीस सेकंदांचे हप्ते. प्रत्येक हप्त्यानंतर बाहेर काढून तळापासून हळूहळू ढवळायचं आणि तापमान बघायचं. लाल ठिपक्याचा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या पापुद्र्याचं तापमान दाखवतो, म्हणून ढवळल्या ढवळल्या लगेच मोजा. सळईवाला डिजिटल थर्मामीटर त्याहून भरवशाचा. मिनिटांवर मात्र विसंबू नका. आपल्याकडे गावात विजेचा दाब संध्याकाळी एक आणि दुपारी एक असतो, त्यामुळे व्हिडिओत सांगितलेली वेळ तुमच्या घरी जुळेलच असं नाही. गॅसच्या उघड्या आचेवर तर मुळीच तापवू नका. तळ करपतो आणि वाफेने पेट घेण्याची भीती असते.

आता ओलावा, आणि आपल्या भागात खरी कसोटी इथेच आहे. १७५ अंशांच्या द्रवात पाण्याचा अंश गेला की त्याची तत्क्षणी वाफ होते. अंश सूक्ष्म असेल तर ल्यूरमध्ये बुडबुडे दिसतात, सबंध थेंब असेल तर तापलेला माल उसळून अंगावर येतो. हा ओलावा कुठून कुठून शिरतो ते पाहा. उघडा राहिलेला डबा. धुऊन पुसलेला, पण कडेला ओल राहिलेला काचेचा कप. ढवळायला घेतलेली बांबूची किंवा आइस्क्रीमची काडी: लाकूड हवेतली दमट ओल धरून ठेवतं आणि गरम मालात शिरलं की फसफसतं. स्टीलचा चमचा घ्या. मोल्ड रात्रभर पडवीत ठेवलात तर सकाळी त्याच्या खोबणीतही दमटपणा असतो. आणि मे महिन्यात कपाळावरचा घाम! कपाळाला पंचा बांधल्याशिवाय मी कपावर वाकत नाही, तुम्हीही वाकू नका.

मिठाचं वेगळं सांगतो, कारण ल्यूरला वजन आणि चव यावी म्हणून अनेक जण मीठ घालतात. मिठागराचं जाडं मीठ आपल्याकडे सहज मिळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं. थेट घातलंत तर बुडबुडे ठरलेले. मीठ घालायचंच असेल तर आधी बारीक दळा, कढईत कोरडं भाजा आणि गरम असतानाच हवाबंद बरणीत भरा. माझं मत विचाराल तर खाडीतल्या मासेमारीला मीठ घालूच नये. त्याने ल्यूर कमकुवत होते, पारदर्शकपणा जातो, आणि वजनाचं काम जिग हेडचं (ल्यूर ज्यावर चढवतो त्या शिशाच्या डोक्याच्या गळाचं) शिसं करतंच आहे.

बुडबुड्यांचं आणखी एक कारण ओलाव्याशी संबंधित नाही. डबा ठेवून दिला की पूड तळाशी बसते, म्हणून वापरण्याआधी तो जोरात हलवावा लागतो, आणि हलवताना हवा आत जाते. हे काम आदल्या रात्री करा. सकाळपर्यंत हवा वर निघून जाते. मग कपात ओतताना कडेने, सावकाश. ढवळतानाही फेटायचं नाही. जून ते सप्टेंबर शक्यतो घाणा काढू नका. काढायचाच झाला तर उघाडीचा दिवस बघा, आणि मोल्ड नि इंजेक्टर आधी कडक उन्हात किंवा कोमट ओव्हनमध्ये कोरडे करून घ्या.

मोल्ड असा तापवून घेण्याचा दुसरा फायदा शेपटीला होतो. थंड ॲल्युमिनियम उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतं की पॅडल (वल्ह्यासारख्या चपट्या) शेपटीच्या बारीक मानेपाशी माल पोचेपर्यंत गोठतो. म्हणून पहिली एक-दोन भरणी मोल्ड तापवण्यासाठीच आहेत असं धरून चाला. त्यातून निघालेली ल्यूर परत कपात टाका. इंजेक्टरही गरम असू द्या आणि त्याच्या ओ-रिंगला (दट्ट्यावरच्या रबरी कड्याला) ल्यूरसाठीचं तेल लावा. माल ओढताना टोक पृष्ठभागाच्या खाली बुडवा, कारण वर साय धरते आणि ती आत गेली की वाट तुंबते. टोक वर करून आतली हवा काढा, मोल्डच्या तोंडावर घट्ट टेकवा आणि एकाच संथ दाबाने भरा. धसका देऊन भरलं तर शेपटीतली हवा बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ती कोपऱ्यात कोंडते. मोल्ड भरला की दाब तसाच दहा-पंधरा सेकंद धरा. निवताना प्लास्टिक आकसतं आणि तोंडाशी असलेला जादा माल आत ओढून घेतं. तिथे माल नसेल तर ल्यूरच्या डोक्याला खड्डा पडतो. एवढं करूनही शेपटी भरली नाही, तर दोन फाळक्यांच्या मधल्या सपाट पृष्ठभागावर शेपटीच्या टोकापासून कडेपर्यंत सुईने ओढल्यासारखा केसाएवढा चरा पाडा. हवेला तेवढी वाट पुरते, मालाला पुरत नाही.

छोटी ल्यूर ॲल्युमिनियममधून तीन-चार मिनिटांत काढता येते. काढल्यावर ती अजून मऊ असते, म्हणून गार पाण्यात सरळ सोडा किंवा शेपटी खाली करून टांगा. वाकडी निवली तर वाकडीच पोहते. ते पाण्याचं भांडं मात्र गरम कपापासून लांब, दुसऱ्या टेबलावर ठेवायचं, आणि ओले हात पूर्ण कोरडे केल्याशिवाय कपाकडे वळायचं नाही.

सुरक्षिततेबाबत मी हट्टाने सांगतो. हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही. मायक्रोवेव्ह, कप, चमचा, सगळं या कामाचं वेगळं, आणि ते परत कधीच जेवणाच्या कामात येणार नाही. जागा उघडी हवी, पण आपल्याकडे दुपारचा खारा वारा अंगावर येतो, म्हणून वारा पाठीशी घेऊन उभे राहा. चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, तोंडाला पारदर्शक ढाल आणि रासायनिक वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही. पोरंबाळं आणि घरची मांजर आसपास नको. माल अंगावर पडला तर तो चिकटतो. ओढून काढू नका, कातडी निघते. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा.

स्वतःचा साचा करावा का, असंही तुम्ही विचारलंत. करावा, पण आत्ता नको. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सीलंट त्याला चालत नाही: ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत असं घट्ट होतं, जाड थर आतून कित्येक दिवस ओलाच राहतो. दोन भाग मिसळून करायचं, जास्त ताप सोसणारं आरटीव्ही (साध्या तापमानाला घट्ट होणारं) सिलिकॉन घ्या आणि भरताना साचा दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये दाबून धरा. प्लॅस्टर ऑफ पॅरिस स्वस्त पडतं, पण त्यात पाणी मुरलेलं असतं. ते उन्हात सुकवत ठेवा आणि रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की साचा कोरडा झाला. मग पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. एखाद्या कंपनीची ल्यूर मूळ नमुना म्हणून वापरून स्वतःसाठी चार नग काढणं वेगळं, आणि त्या आकाराची पाकिटं विकणं वेगळं. दुसरं करू नये.

फाटलेल्या ल्यूर साठवून परत वितळवता येतात, आणि शिकायला तोच माल उत्तम. मात्र प्रत्येक वेळी तापवल्यावर त्या थोड्या पिवळ्या पडतात, म्हणून हीट स्टॅबिलायझरचे (तापाने रंग बिघडू न देणाऱ्या द्रवाचे) काही थेंब घालून त्या काळ्या, जांभळ्या किंवा गडद तपकिरी रंगात वळवा. पावसानंतरच्या गढूळ पाण्यात हे रंग चांगले चालतात. चकाकी घालायची तर ताप सोसणारीच घ्या. सजावटीच्या दुकानातली वाकते आणि तिचा रंग सुटतो. एक गोष्ट आवर्जून बघा: काही ल्यूर पीव्हीसीच्या नसून टीपीई नावाच्या रबरी पदार्थाच्या असतात. त्या भरपूर ताणल्या जातात आणि सहसा पाण्यावर तरंगतात. त्या कपात मिसळू नका, आणि एका पाकिटात शेजारी ठेवू नका, दोन्हींचा चिखल होतो.

मऊपणा माशाकडे बघून ठरवा. जिताडा तोंड उघडून आमिष पाण्यासकट आत ओढतो, त्याला मऊ अंगाची, सहज हलणारी शेपटी हवी. ओहोटी लागल्यावर खाजणाच्या उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी बाहेर पडतं, तिथे तो धारेच्या कडेला दबा धरून असतो. अशा जागी ल्यूर संथ फिरवायची, तेव्हा १०० मिली मालाला पाच मिली सॉफ्टनरपासून (माल मऊ करणाऱ्या द्रवापासून) सुरुवात करा. तांबोशीला सुळे असतात आणि केंड (अंग फुगवणारा मासा) तर शेपटी कापूनच नेतो, म्हणून खडकाळ जागेसाठी सॉफ्टनर न घालता, हवं तर थोडा हार्डनर घालून वेगळा घाणा काढा. जिग हेडवर चढवताना मानेपाशी सुपर ग्लूचा एक थेंब लावा. ल्यूर घसरून निघत नाही, आणि निघालेली ल्यूर खाडीत पडून एखाद्या माशाच्या पोटात जात नाही. ती तिथे आपोआप मोडत नाही, म्हणून फाटका तुकडाही खिशात घालून घरी आणा. मोठा जिताडा मिळाला तर सोडून द्यायचा विचार करा. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात.

तयार ल्यूर रंगानुसार वेगवेगळ्या पॉलिथिनच्या पिशव्यांत थोडं तेल लावून, सपाट ठेवा. गडद रंग फिक्याला लागतो, आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या तर त्यातलं प्लास्टिसायझर डब्याचा तळच विरघळवतं. पुढच्या घाण्यात तापमानाचा आकडा लिहून ठेवा आणि शेपटीचा फोटो इथे टाका, मग चरा पाडायचा की नाही ते बघून सांगतो.