बेळगावात नव्यानं राहायला आल्यावर चारचौघांत कसं वागावं आणि पिशवीत रोज काय असावं?

पुण्याहून नोकरीसाठी आलात, बसमध्ये आणि दुकानात इथले लोक फटकन बोलतात असं वाटतं, कुणाला न दुखवता कसं वागायचं, सोबत काय बाळगायचं आणि बसचा मोफत प्रवास आपल्याला मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी खानापूरची, नोकरीसाठी रोज बेळगावला येते. माझं मत आधीच सांगून टाकते. इथं गोड बोलण्याला फारसा भाव नाही. आपली पाळी येईपर्यंत तयारीत राहिलेला माणूस लोकांना आवडतो. फटकन बोलतात ते बहुतेक वेळा मागं रांग ताटकळलेली असते म्हणून.

सगळ्यात जास्त खटके बसमध्ये उडतात, तेही सुट्ट्या पैशांवरून. सकाळच्या गर्दीत पाचशेची नोट पुढं केलीत तर कंडक्टर वाद घालत बसत नाही. तिकिटाच्या पाठीमागं बाकी रक्कम लिहितो आणि पुढं सरकतो. कर्नाटकात ही पद्धत जुनीच आहे. पैसे बुडत नाहीत, पण आठवणीनं मागून घेणं आपलं काम. उतरायच्या दोन-तीन स्टॉप आधीच तिकीट पुढं करून "अण्णा, चिल्लर कोड्री", म्हणजे सुट्टे द्या, म्हणायचं. पायरीवर उभं राहून हिशेब काढलात तर मागचे उतारू बोलणारच, आणि त्यांचं चुकतही नाही. हल्ली बऱ्याच बसमध्ये यूपीआय चालतं, पण खानापूरच्या पुढं जंगलपट्ट्यात रेंज जाते. दहा-वीसच्या नोटा वरच्याच कप्प्यात असू द्या. दहाचं नाणं काही दुकानदार नको म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच त्याचे चौदाही नमुने वैध असल्याचं स्पष्ट केलंय, पण मिरचीवाल्या मावशींशी त्यावरून कशाला भांडायचं? नोट द्या आणि चालू लागा.

आता मोफत प्रवासाचं. शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, ती कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी. आधारवर पुण्याचा पत्ता असेल तोवर तुम्हाला तिकीट काढावंच लागेल, कंडक्टरशी हुज्जत घालून उपयोग नाही. पत्ता बदलल्यावर कार्ड पर्सच्या तळाशी ठेवू नका, कंडक्टर तुमच्या सीटपाशी पोचायच्या आत हातात काढून ठेवा. शून्य रुपयाचं तिकीटही घ्यायचंच, कारण महामंडळाला सरकारकडून पैसे त्याच तिकिटांच्या हिशेबानं मिळतात. गावाकडं जाताना महाराष्ट्राची एसटी मिळाली तर तिथं महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. बेळगाव ते सीमा या टप्प्याला पूर्ण भाडं पडतं. हे आधी माहीत असलं की "अर्ध्याचं जास्त कसं झालं?" हा रोजचा तमाशा टळतो.

भाषेचं दडपण घेऊ नका. शहापूर, टिळकवाडी, गणपत गल्ली, इथं मराठीत निर्धास्त बोला. बसमध्ये आणि सरकारी कार्यालयात मात्र पहिलं वाक्य मोडक्या कन्नडमध्ये टाकून बघा. "अक्का, स्वल्प जागा कोड्री" म्हटलं की बाई सरकून घेते आणि पुढचं सगळं मराठीतच बोलते. "तुम्हाला मराठी येत नाही का?" अशी सुरुवात करू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या वादाचं पर्यवसान मारहाणीत झालं आणि दोन्ही राज्यांमधली बससेवा थांबली. हाल झाले ते रोज ये-जा करणाऱ्यांचे. हाक मारताना वयानं मोठ्यांना काका, मामा, मावशी चालतं. कन्नड माणसाला अण्णा, बाईला अक्का. नुसतं "ओ" म्हणून हाक मारली की समोरचा आधीच आखडतो.

पाऊस हा इथला खरा कसोटीचा काळ. वळीव एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचा अचानक गाठतो, आणि जूनपासून खानापूरकडं आठ-आठ दिवस उघडीप नसते. खिडक्या बंद, काचांवर वाफ, वाटेत उभी असलेली माणसं, आणि त्यात एखाद्याची निथळती छत्री नेमकी शेजाऱ्याच्या मांडीवर टेकलेली. शेजारी काही बोलत नाही, फक्त पाय आवळून घेतो. छत्री दारातच बाहेर तोंड करून दोनदा झटकायची, पट्टा बांधायचा, टोक खाली करून आपल्या दोन पायांमध्ये धरायची. मी तिला घालायला एक लांबट प्लास्टिकची पिशवी जपून ठेवलीय. रेनकोट काढताना उलटा करून घडी घाला, ओली बाजू आत राहते. बाजारासाठी कापडी पिशवी वेगळी हवी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. काही जण अजून देतात, पण "पिशवी द्या की" म्हणून त्यांना अडचणीत कशाला टाकायचं?

दुचाकी घेतलीत तर टिळकवाडीतलं रेल्वे गेट तुम्हाला लवकरच भेटेल. गेट पडलं की डावीकडची रांग सोडून गाड्या उजव्या बाजूला सरकत पार फाटकाला भिडतात. पलीकडचेही तेच करतात. आगगाडी निघून जाते, फाटक उघडतं आणि दोन्हीकडचे समोरासमोर कुस्तीला उभे राहिल्यासारखे अडकतात. मग हॉर्न. यावर माझ्याकडं शहाणपणाचा उपाय नाही. मी डावीकडंच थांबते, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. इंजिन तेवढं बंद करते.

पिशवीत बाकी फार काही लागत नाही. पाण्याची बाटली, रुमाल, दोन पासपोर्ट फोटो, आधारची झेरॉक्स आणि पेन. पेन विसरू नका. बँकेत, पोस्टात, तहसीलदार कचेरीत पेन मागणाऱ्यांची वेगळीच रांग असते. फॉर्म बहुतेक कन्नडमध्ये असतो, तो कुणाकडून भरून घ्यायचा असेल तर आपलं पेन आणि कागद तयार ठेवूनच विनंती करा, आणि ज्याचं काम घाईचं दिसतं त्याला विचारू नका. बायकांनी एखाददुसरं सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावं. आपल्यासाठीही, आणि स्टँडवर एखादी कॉलेजची पोरगी कावरीबावरी दिसली तर तिच्यासाठीही. बाजारात स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं, म्हणून बसस्टँडवरून निघतानाच जाऊन या. तिथं द्यायला सुट्टे लागतात.

एक तारखांचं राहिलं. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक असते, दुसरीकडं सीमाप्रश्नावरून मराठी माणसं काळा दिवस पाळतात. रस्ते अडतात, बस वळवतात. बँक-दवाखान्याची कामं आदल्या दिवशी उरका. सुवर्ण विधानसौध या इथल्या विधानभवनात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा हायवेवर बंदोबस्त असतो आणि लॉज भरलेले असतात. आई-वडिलांना बोलवायचं असेल तर ते दिवस सोडून बोलवा.