चिनी वैद्यकात कोणत्या लक्षणाला कोणती वनौषधी देतात? यादी मिळेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आईचा खोकला दोन महिने जात नाही, चिनी वनौषधी ऑनलाइन मिळतात, तेव्हा खोकला, सर्दी-ताप, झोप यांसाठी लक्षण, वनस्पती आणि मात्रा असा तक्ता कुणीतरी द्यावा. आणि जाता जाता विचारलंय की हे लोक 'पॅटर्न' पाहून औषध देतात म्हणजे काय. खरा प्रश्न हा दुसराच आहे. त्याचं उत्तर कळलं की तक्ता मागावासा वाटणार नाही.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवीधर, साताऱ्याकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०११ पासून सिंगापूरला. इथे आल्यावर प्रॅक्टिस सुटली. आमच्या इमारतीखाली चिनी औषधांचं एक दुकान आहे, भिंतभर छोटे लाकडी खण असलेलं. तिथे बसणाऱ्या वैद्य बाईंना सगळे 'लाओशी' म्हणजे 'बाई' म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणतो तसं. त्या रीतसर नोंदणी झालेल्या वैद्य आहेत. इथे त्यासाठी २००० सालापासून कायदाच आहे. आठवड्यातून दोन दुपारी मी त्यांच्याजवळ शिकायला जायची. तीन वर्षं गेले.

२०१६ च्या नोव्हेंबरात आई माझ्याकडे आली. इथला तो पावसाचा काळ. दिवसभर पाऊस आणि घरात एसी. पंधरा दिवसांत तिला खोकला लागला. मी तेव्हा दीड वर्ष दुकानात बसत होते, त्यामुळे मला वाटलं की एवढं तर आपल्याला येतंच. लोकाटची पानं, छ्वान-बेई नावाचा छोटा कंद आणि मध घालून केलेला एक काळा, घट्ट पाक मिळतो. खोकला म्हटलं की इथे दहातले आठ जण तोच नेतात. मी पण नेला. आईला सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा दिला. आठ दिवसांनी कफ दुप्पट झाला, छाती भरल्यासारखी वाटायला लागली, आणि तिची भूकही गेली.

नवव्या दिवशी तिला लाओशींसमोर बसवलं. त्यांनी खोकल्याबद्दल पहिली दहा मिनिटं एक शब्द विचारला नाही. जीभ बघितली: फुगलेली, कडांना दातांचे ठसे, वर पांढरा चिकट थर. दोन्ही मनगटं तीन-तीन बोटांनी बराच वेळ धरली. मग मला दुभाषी करून विचारत गेल्या. जेवल्यावर पोट जड होतं का? शौचाला पातळ होते का? गार पाणी चालतं की गरमच लागतं? कफ पांढरा की पिवळा, सहज सुटतो की ओढून काढावा लागतो? खोकला सकाळी जास्त की रात्री? आईने सगळ्याची उत्तरं दिली आणि हळूच मला म्हणाली, "अगं, हे कुणी मला कधी विचारलंच नव्हतं." त्या 'कुणी'मध्ये मीही होते. मी तिची मुलगी आणि वैद्य, आणि मी तिची जीभसुद्धा पाहिली नव्हती.

लाओशी म्हणाल्या, हा फुफ्फुसाचा खोकलाच नाही. त्यांच्याकडे एक जुनं वचन आहे: प्लीहा कफ जन्माला घालते, फुफ्फुस तो साठवण्याचं भांडं. (ही 'प्लीहा' म्हणजे शरीररचनेतला अवयव नव्हे. पचनाची सगळी ताकद त्या शब्दात येते, आपण अग्नी म्हणतो त्याच्या जवळपास.) आईचं पचन दमलं होतं, म्हणून ओल साठत होती, ओलीचा कफ होत होता आणि कफामुळे खोकला येत होता. मी दिलेला पाक थंड आणि ओलावा देणारा. कोरडा, उष्ण खोकला असता, घसा जळत असता, कफ थोडा, पिवळट आणि चिकट असता, तर तोच पाक उत्तम होता. भिजलेल्या लाकडावर मी पाणी ओतत होते.

त्यांनी लिहून दिलं ते असं: ताङ-शेन नावाचं बल देणारं मूळ, बाय-चू हे ओल शोषणारं मूळ, पाईनच्या मुळांवर वाढणारी फू-लिंग ही बुरशी, जुनी करून ठेवलेली संत्र्याची साल, आणि बान-श्या. बान-श्या हा आपल्या सुरणाच्या कुळातला कंद. कच्चा असला तर विषारी, घसा आणि जीभ सोलून काढतो, म्हणून आल्याबरोबर शिजवून शुद्ध केलेलाच वापरतात. मूळ योगात सहावं औषध ज्येष्ठमध असतं. आईला रक्तदाबाची गोळी आहे म्हटल्यावर त्यांनी ते काढून टाकलं, कारण ज्येष्ठमध सलग घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. त्याच्या जागी आल्याच्या तीन चकत्या. दोन आठवड्यांत खोकला गेला. त्याआधी, पाचव्या-सहाव्या दिवशीच, आईने भाकरी मागून खाल्ली होती.

तो कागद मी दादाला पाठवला. दादाचं गावी मेडिकल आहे. त्याने विचारलं, "यातलं खोकल्याचं औषध कुठलं?"

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. बाबांना खोकला झाला होता आणि दादा त्यांना दुकानातली बाटली देत होता. मी म्हटलं, कासाचे, म्हणजे खोकल्याचे, पाच प्रकार असतात, आधी कोणता ते तरी बघू. जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "एका खोकल्याला तुमच्याकडे पाच औषधं आहेत, म्हणजे तुम्हाला एकही माहीत नाही." सगळे हसले, बाबासुद्धा. ते वाक्य मी विसरलेले नाही. तुमचा तक्त्याचा प्रश्न वाचल्यावर लगेच उत्तर लिहायला बसले ते त्याच वाक्यामुळे.

तर दादाला मी सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते: त्या कागदावर खोकला थांबवणारं औषध एकही नाही. तीन पचनाची, दोन कफाची. हाच योग ज्याला खोकला अजिबात नाही पण जेवल्यावर मळमळतं, पोट फुगतं, थकवा आहे, जीभ अशीच आहे, त्यालाही देतात. आणि खोकला असलेल्या दुसऱ्या माणसाला देत नाहीत. चिनी वैद्यकात याला नाव आहे: एकच रोग, वेगळे उपचार; वेगळे रोग, एकच उपचार. पॅटर्न म्हणजे रोगाचं नाव नव्हे. आत्ता या माणसात काय चाललंय, थंड की उष्ण, वरवर की खोल, ताकद कमी पडलीय की काहीतरी जादा साठलंय, त्याचं ते चित्र. औषध त्या चित्राला द्यायचं.

तुम्ही सर्दी-तापही विचारलाय, म्हणून त्यातलं सगळ्यात जुनं उदाहरण देते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंग-चिंग नावाच्या वैद्याने तापावर ग्रंथ लिहिला. त्यात दोन रुग्ण शेजारी ठेवावेत असे आहेत. दोघांना ताप, दोघांना थंडी वाजते, दोघांची नाडी वर तरंगते. फरक एवढाच की एकाला घाम येतोय, दुसऱ्याला येत नाही. घाम येणाऱ्याला दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, पिओनीचं मूळ, आलं, लाल बोरं आणि ज्येष्ठमध. वरून गरम पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं, अंग नुसतं ओलसर होईपर्यंत, घामाच्या धारा लागेपर्यंत नव्हे. घाम न येणाऱ्याला मा-ह्वांग, दालचिनीच्या डहाळ्या, जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध. मा-ह्वांगमध्ये इफेड्रिन असतं, ते घाम फोडतं. आधीच घामाने गळून गेलेल्याला ते दिलं तर तो आणखी खचेल. आणि तिसरा आला, ज्याला थंडी कमी पण घसा लाल, तहान आणि जिभेचं टोक लाल, तर या दोन्ही गरम काढ्यांनी त्याची आग वाढेल. त्याच्यासाठीचा हनीसकलच्या कळ्यांचा योग वू जू-थुंग यांच्या १७९८ च्या ग्रंथात आहे. तो उकळत ठेवायचा नसतो, वास सुटला की उतरवायचा. तुमच्या तक्त्यात या तिघांच्याही रकान्यात 'सर्दी-ताप' एवढंच आलं असतं.

झोपेचंही तसंच, थोडक्यात सांगते. रक्त कमी, मन अस्वस्थ, त्याला बोराच्या बिया. रात्री उशिरा जड जेवून तळमळणाऱ्याला झोपेचं काहीच नाही, अन्न उतरवणारं औषध.

दादाचा पुढचा मुद्दा असतो की ही सगळी आपलीच औषधं, चिनी लोकांनी नेलेली. काही नेलीत, खरं आहे. लाओशींच्या खणात मला पहिल्याच महिन्यात हिरडा सापडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उत्साहाने सांगितलं, आम्ही हा पोट साफ व्हायला देतो. त्या थक्क झाल्या. त्यांच्याकडे हिरडा देतात तो न थांबणाऱ्या जुलाबाला आणि बसलेल्या आवाजाला, म्हणजे आवळून धरायला. नागरमोथा आपण ज्वर-अतिसारात देतो; त्या मनात कोंडलेल्या रागाने बरगड्यांखाली दुखतं आणि पाळी बिघडते तिथे देतात. वस्तू तीच, काम वेगळं, कारण पाहण्याची चौकट वेगळी. म्हणून 'आयुर्वेद आणि चिनी वैद्यक एकच, वात म्हणजे त्यांचा वारा' असं कुणी सांगितलं तर त्याने दोन्ही नीट वाचलेलं नाही असं खुशाल समजा. त्यांचा वारा बहुतेक वेळा बाहेरून येऊन लागतो. आपला वात निरोगी शरीरातही काम करत असतो.

तक्त्याने काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण जपानमधलं आहे. तिथे हेच जुने योग वापरतात. त्यातला श्याओ-छाय-हू हा योग 'जुनाट यकृतदाह' एवढं नाव पाहून अनेकांना महिनोन् महिने दिला गेला. १९९६ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की तो घेणाऱ्यांपैकी ८८ जणांना फुफ्फुसाचा एक गंभीर दाह झाला आणि १० जण गेले. काहींना सोबत इंटरफेरॉन हे यकृतदाहावरचं आधुनिक औषधही चालू होतं, त्यामुळे सगळा दोष चुकीच्या निवडीचा असं मी म्हणणार नाही. पण नाव वाचून औषध देण्याची सवय तिथे होती, हे नाकारता येणार नाही.

आता जे मी आधी लिहायला हवं होतं ते. तुमच्या आईला दोन महिने खोकला आहे. आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. भारतात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे आधी क्षयरोग नाही ना हे पाहायचं, जीभ नंतर. माझ्या आईचाही एक्स-रे झाला होता, आणि तो दादाच्या आग्रहामुळे. मी टाळत होते.

आणि आणखी एक, हेही त्याच्याच बाजूचं. पुढच्या वर्षी आमच्या शेजारच्या चिनी आजींना कोरडा, गुदगुल्या होऊन येणारा खोकला होता. जीभ लाल, थर जवळजवळ नाही. मी लाओशींसमोर फुफ्फुसातला ओलावा आटल्याचं निदान केलं, त्यांनीही मान डोलावली, आणि महिनाभर चांगले ओलावा देणारे काढे झाले. काही फरक नाही. दादाला फोनवर सांगितलं तर त्याने एकच विचारलं, "रक्तदाबाला काय घेतात? नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का?" एनालाप्रिल होती. या गटातल्या गोळ्यांनी असा खोकला येतो, आणि चिनी लोकांमध्ये जास्तच. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला बंद. जिभेवर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून लाओशी पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारतात. (आईची गोळी घरी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांकडे न्या.)

ऑनलाइन मागवायचं असेल तर माझं स्पष्ट मत, मागवू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाच्या जागी जवळपास त्याच नावाचं दुसरं मूळ गेलं. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. पाकिटावरचं नाव वाचून तुम्हाला आणि मला ती दोन मुळं ओळखू येणार नाहीत. शिवाय दोन चांगल्या वैद्यांना एकच रुग्ण दाखवला तरी पॅटर्न जुळेलच असं नाही, आणि असे निवडलेले काढे किती उपयोगी पडतात यावरच्या भक्कम चाचण्या थोड्याच आहेत. हे मला मान्य आहे. दादाला हे मी फोनवर कधी म्हटलेलं नाही, इथे लिहून टाकते.

तपासण्या स्वच्छ आल्या आणि जवळच्या एखाद्या चांगल्या वैद्याकडे, चिनी असो वा आपला, आईला नेलंत तर सकाळी जीभ खरवडू नका, आधी कॉफी किंवा हळदीचं दूध देऊ नका, थराचा रंग बदलतो. गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. आणि कफाचा रंग, कुठल्या वेळी खोकला जास्त, जेवल्यावर कसं वाटतं, गार चालतं की गरम, हे चार दिवस लिहून काढा. आईला विचारून लिहा, अंदाजाने नको.