ऑफ-रोडला निघताना बाईकवर काय बांधावं आणि अंगावर काय ठेवावं?

तुम्ही विचारलंय की नवी ड्युअल-स्पोर्ट (पक्क्या रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर, दोन्हीकडे चालणारी) बाईक घेतली आहे, ट्यूबवाले टायर, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक; फोनला रेंज नसलेल्या कच्च्या वाटांवर दिवस-दिवस फिरायचं आहे, तर हत्यारं आणि अडचणीचं सामान काय घ्यावं आणि तयार टूल किट पुरेल का?

तयार किट आधी घेऊ नका. त्यातले निम्मे पाने तुमच्या बाईकला कुठेच बसत नाहीत, आणि मागच्या एक्सलचा मोठा पाना नेमका त्यात नसतो. वही घेऊन बाईकभोवती एक फेरी मारा. वाटेत जे सुटं करावं लागू शकतं (दोन्ही चाकं, साखळीचे ॲडजस्टर, लिव्हर, सीट, टाकी, एअर फिल्टरचं झाकण, स्पार्क प्लग) त्या प्रत्येक नट-बोल्टचं माप लिहून काढा. जपानी बाईकवर बहुतेक ८, १०, १२, १४ मिलिमीटर निघतील, युरोपियन बाईकवर १३ आणि तारेच्या आकाराचे टॉर्क्स बोल्टही दिसतील. ॲलनमध्ये (षटकोनी खाचेच्या बोल्टांच्या चाव्या) ४, ५, ६ आणि ८ पुरतात. एक्सलला १९ पासून ३२ पर्यंत काहीही असू शकतं, म्हणून ते बघूनच घ्या. जपानी बाईकवरच्या फुलीच्या स्क्रूंची खाच साध्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते, तिला जेआयएस म्हणतात. साधा पेचकस त्यात नीट बसत नाही, जोर लावला की निसटतो आणि खाच गुळगुळीत होते. जेआयएस टोकाचं एक बिट सोबत असलं की हा त्रास वाचतो.

यादी झाली की तेवढीच हत्यारं एका कापडावर मांडा, बाकीची कपाटात बंद करा आणि घरीच दोन्ही चाकं काढून, मागची ट्यूब बदलून पुन्हा बसवा. मध्येच कपाट उघडावंसं वाटलं, तर ज्यासाठी वाटलं ते पिशवीत राहिलंय. मागचा एक्सल नट साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. आखूड पान्याने तो हलत नाही आणि पायाने पाना दाबायला गेलं की नटाचे कोपरे जातात. एका टोकाला एक्सलचा रिंग पाना आणि दुसऱ्या टोकाला टायर लिव्हर असं जोडहत्यार मिळतं, ते घ्या. बाकी पाव इंची ड्राइव्हचा छोटा रॅचेट, मापाचे सॉकेट, एक एक्स्टेन्शन, ८-१० आणि १२-१३ चे जोडपाने, लॉक होणारी छोटी पक्कड आणि टोकदार पक्कड. एवढ्यात बाईकवरची बहुतेक कामं होतात.

आता पंक्चर. वाटेत सगळ्यात जास्त वेळा हेच होणार, म्हणून इथे कंजुषी नको. लिव्हर तीन हवेत, २५ सेंटिमीटरच्या आसपास. दोनवर काम निघतं, पण तिसरं नसेल तर गुडघ्याने टायर दाबून धरावा लागतो आणि तो निसटतो. एकच ट्यूब न्यायची असेल तर पुढची, २१ इंची न्या. ती अडीनडीला मागच्या १८ इंची टायरमध्ये थोडी चुरगळून का होईना बसते आणि हळू चालवत घरी पोहोचवते. मागची जाड ट्यूब पुढे मात्र बसत नाही. ट्यूबला टाल्कम पावडर लावून जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून कापडात गुंडाळा. नुसती हत्यारांत कोंबलेली ट्यूब कंपनाने घासते आणि गरजेच्या दिवशी पिशवीतूनच भोक पडलेली निघते. पॅचसोबत सोल्युशनच्या दोन छोट्या सीलबंद नळ्या ठेवा. एकदा उघडलेली नळी बूच लावूनही काही महिन्यांत सुकते, तेव्हा उघडलेली नळी घरी वापरून संपवा आणि पिशवीत नवी टाका.

बदलताना लोक चुकतात ते बहुधा याच जागी. आधी काटा शोधा: टायरच्या आतून हातमोजा घालून पूर्ण फेरी फिरवा. एक काटा बहुतेकांना सापडतो, पण तिथे दुसराही असतो आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर होते. रिम-लॉक (टायर रिमवर सरकू नये म्हणून त्याची कड आतून दाबून धरणारा तुकडा) असेल तर त्याचा नट टोकापर्यंत सैल करून तो आत ढकला, नाहीतर टायरची कड त्याच्यावर अडकते आणि तुम्ही उगाच जोर लावत बसता. टायर चढवताना ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवली, तर शेवटचा वीतभर भाग लिव्हरच्या छोट्या घासांत चढतो. लिव्हर फार उचलावं लागत असेल तर थांबा, समोरची कड वर आलेली आहे. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून घेतली की ती गोल राहते आणि लिव्हरखाली चिमटत नाही. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका. तो वर टोपीला टेकवून ठेवा. कमी हवेत टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि तो फाटायच्या आत तुम्ही थांबू शकता.

हवेसाठी माझं मत हातपंपाच्या बाजूने. कार्बन डायऑक्साइडच्या १६ ग्रॅमच्या एका कुपीतून सामान्य दाबाला जेमतेम नऊ लिटर वायू निघतो. मागच्या टायरचं आकारमान १४ लिटरच्या घरात धरलं, तर एका कुपीने ९ पीएसआयच्या आसपासच दाब येईल. चालवण्याजोगा दाब हवा तर दोन लागतात आणि एखादी वाया गेली तर तिसरी. शिवाय हा वायू ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, तेव्हा घरी आल्यावर सोडून साधी हवा भरायची. कुपी वापरताना ती गोठण्याइतकी गार होते, हातमोजा काढू नका. पंप कितीही वेळा भरतो, फक्त घाम काढतो. छोटा दाबमापक वेगळा घ्या, पंपावरच्या काट्यावर विसंबू नका.

साखळीसाठी तुमच्या मापाचे (५२० किंवा ४२८, साखळीवर कोरलेलं असतं) दोन क्लिपवाले चेन लॉक (साखळीची टोकं जोडणारी सुटी कडी), ओ-रिंगसकट, आणि जुन्या साखळीच्या चार-पाच कड्या. क्लिपचं बंद तोंड साखळी ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. उलट बसवली तर दगड-काडी घासून ती उडते. साखळी तोडायचं हत्यार छोटं घेतलं तर त्याची पिन लवकर मोडते, म्हणून रिव्हेट केलेल्या पिनचं डोकं आधी कानसीने घासून घ्या. त्यासाठी छोटी कानस.

क्लच आणि ब्रेकची एकेक लिव्हर जादा हवीच, पण त्याआधी हँडलवरची त्यांची पकड इतकीच आवळा की पडल्यावर ती फिरेल, मोडणार नाही. क्लच केबलची असेल तर नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून, दोन्ही टोकं टेप लावून बंद करून ठेवा. मोडली की पाच मिनिटांचं काम. गिअरची लिव्हर मोडली तर लॉक होणारी पक्कड सरळ शाफ्टवर चावून बसवायची. झिप टाय पंधरा-वीस घ्या, पण ते सायलेन्सरजवळ वितळतात. तिथे साधारण ०.८ मिलिमीटरची स्टीलची तार लागते, दोन मीटर पुरते. डक्ट टेपचं अख्खं रीळ नको, पंपाच्या दांड्यावर तीन-चार मीटर गुंडाळा. लांबट एम६ आणि एम८ बोल्ट, नट, वायसर मूठभर.

इंजिनाच्या केसिंगला दगड लागून भोक पडलं तर मळून लावायची इपॉक्सी पुट्टी कामी येते. ती तेलावर चिकटत नाही. बाईक दुसऱ्या कुशीवर आडवी करा म्हणजे तेल त्या जागेपासून दूर जाईल, पेट्रोलने पुसा, पॉलिश पेपरने खरखरीत करा, मग लावा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ खरोखर थांबा. पेट्रोलच्या टाकीच्या बारीक चिरेवर अंगाच्या साबणाची वडी कोरडीच घासा; साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरी पोहोचेपर्यंत तग धरतो.

विजेचं थोडक्यात: तुमच्या फ्यूज बॉक्समधल्या प्रत्येक मापाचे दोन फ्यूज, मीटरभर वायर, टेस्ट लॅम्प (वीज येते का ते दाखवणारा छोटा दिवा). बाईक चालूच होत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी साइड-स्टँडचा आणि क्लचचा स्विच तपासा, त्यात चिखल बसतो. फ्युएल इंजेक्शनवाल्या बाईकची बॅटरी पूर्ण मेली तर ढकलूनही ती सहसा सुरू होत नाही, कारण पंपालाच वीज मिळत नाही. अशा बाईकसोबत खिशात मावणारा जंप स्टार्टर असावा.

ओढ्यात बाईक बुडाली तर स्टार्टरला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, एअर बॉक्स रिकामा करा, फिल्टर पिळा, आणि प्लगच्या भोकातून पाणी उडायचं थांबेपर्यंत इंजिन फिरवा. त्या वेळी तोंड भोकासमोर नको आणि प्लगच्या केबलचं टोक भोकापासून लांब. तेल दुधाळ दिसलं तर ते बदलेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. प्लगचा पाना आणि एक नवा प्लग यासाठीच. पाना तुमच्याच प्लगचा घ्या, कारण १६, १४ अशी वेगवेगळी मापं असतात.

वरचं सगळं बाईकवर गेलं तरी चालेल. पुढचं नाही. बाईक दरीत गेली आणि तुम्ही वर राहिलात, तर उपयोग फक्त अंगावरच्या सामानाचा. फोन, शिट्टी, लायटर, फॉइलची चादर आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर तेही जॅकेटच्या छातीच्या खिशात. पाणी पाठीवरच्या पिशवीत, दिवसाला कमीत कमी तीन लिटर. पाने-लिव्हर मात्र पाठीवर कधीच नकोत. उताणं पडलात तर मणक्याखाली लोखंड येतं.

प्रथमोपचारात खरचटल्यावरच्या पट्ट्या चार पुरेत. जागा द्या ती दाबपट्टी, रोलर गॉज, १० सेंटिमीटरचं क्रेप बँडेज, दोन तिकोनी बँडेज, गुंडाळून ठेवता येणारी ॲल्युमिनिअम-फोमची स्प्लिंट, हातमोजे, कात्री आणि दांडी फिरवून आवळायचं टूर्निकेट यांना. टूर्निकेट हात-पायाच्या जोरात वाहणाऱ्या रक्तासाठीच: जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं, वेळ लिहायची आणि डॉक्टरपर्यंत सैल करायचं नाही. सराव घरी करा, जखमेवर पहिल्यांदा नको. वेदनेसाठी पॅरासिटामॉल ठेवा. डोक्याला मार किंवा रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. मानेला मार लागल्याची शंका असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका. काढावंच लागलं तर एकाने मान धरायची, दुसऱ्याने काढायचं. कपाळावर बांधायचा टॉर्चही याच पिशवीत, कारण दुरुस्ती हमखास अंधारापर्यंत लांबते. त्यातला एक सेल उलटा घालून ठेवा म्हणजे पिशवीत आपोआप पेटून संपणार नाही.

हत्यारं कापडी गुंडाळीत घट्ट बांधा, खुळखुळली की धातू धातूला घासतो. ओझं शक्य तितकं खाली आणि मध्ये; मागच्या मडगार्डवरचा जड टूल बॅग कंपनाने त्याचे बोल्ट सैल करतो किंवा मडगार्डच तडकवतो. चौघे जात असाल तर साखळीचं हत्यार, पुट्टी, जंप स्टार्टर वाटून घ्या. ट्यूब, लिव्हर, एक्सलचा पाना आणि टूर्निकेट प्रत्येकाकडे स्वतःचं. ज्याच्याकडे वाटलेली हत्यारं जास्त, तो सगळ्यात मागे चालवेल. पुढे जो कोणी अडकेल, तो त्याला वाटेत लागतोच.