डिस्क १०० जीबीची केली, तरी झेडएफएसचा पूल ४९.५ वरच अडकलाय. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीनं चालवणारी प्रणाली) उबंटूचं मशीन आहे, त्याला दुसरी डिस्क ५० जीबीची आणि तिच्यावर 'डेटा' नावाचा झेडएफएस पूल, म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टिमचा जागेचा साठा. पूल भरत आला म्हणून होस्टवरून (ज्या सर्व्हरवर हे मशीन चालतं तिथून) डिस्क १०० जीबीची केलीत, मशीन दोनदा रिबूट केलंत, तरी झेडपूल लिस्ट जुनाच आकडा दाखवतंय. रूटवरही, म्हणजे उबंटू जिथे बसवलंय त्या मुख्य फाइल सिस्टिमवरही, जागा कमी पडतेय. आणि जाता जाता विचारलंय की होस्टवर जागा लागली तर हीच डिस्क पुन्हा लहान करता येईल का.

(आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर अर्थात इंग्रजीतच टाइप करा.)

काही बिघडलेलं नाही, घाबरू नका. शेजारचं एकरभर रान घेतलं, खरेदीखत झालं, पण सातबाऱ्यावर फेरफार चढला नाही, तशी ही गत आहे. जमीन तुमचीच, दप्तरात मात्र अजून जुनं क्षेत्र. तुमच्या डिस्कची अशी चार दप्तरं आहेत: होस्ट, मशीनच्या आतलं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), डिस्कवरचं पार्टिशन टेबल (डिस्कचा कोणता भाग कुठून कुठे, याची नोंद) आणि शेवटी पूल. प्रत्येकाला फक्त खालच्याने सांगितलेलं कळतं, आणि सांगायचं काम बहुतेक वेळा आपल्यालाच करावं लागतं. म्हणून वाढवताना खालून वर जायचं.

पहिलं दप्तर होस्टचं. इथे एक ठेच अनेकांना लागते. प्रॉक्समॉक्सच्या रिसाइझच्या चौकटीत वाढ किती ते विचारतात, एकूण आकार नाही. ५० च्या डिस्कला १०० करायचं म्हणून तिथे १०० लिहिलं की डिस्क १५० ची होते, आणि प्रॉक्समॉक्स ती पुन्हा कमी करून देत नाही. हार्डवेअरच्या पानावर एकदा बघून घ्या, खरंच १०० आहे ना.

दुसरं दप्तर कर्नलचं. एलएसबीएलके चालवा, ती डिस्कांची यादी दाखवते. एसडीबीसमोर (ही तुमची दुसरी डिस्क) १००जी दिसलं तर कर्नलला कळलंय. डीमेसेजमध्येही (कर्नलच्या नोंदींत) ओळ सापडते: २०९७१५२०० ब्लॉक्स, प्रत्येकी ५१२ बाइटचे, आणि पुढे कंसात १०७ जीबी / १०० जीआयबी. हे दोन आकडे बघून गोंधळू नका, एक हजाराच्या पटीतला आणि दुसरा १०२४ च्या. तुम्ही दोनदा रिबूट केलंय म्हणजे ही पायरी नक्कीच झालेली आहे. खरं तर रिबूटची गरजच नव्हती. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क व्हर्टआयओ स्कझी प्रकाराने जोडलेली असेल तर आकार वाढल्याचं मशीनला चालू अवस्थेतच कळतं. व्हीएमवेअरवर असता तर सिस फाइलसिस्टिममधल्या त्या डिस्कच्या रिस्कॅन फाइलीत १ लिहून कर्नलला जागं करावं लागलं असतं.

अडलंय ते पुढच्या दोन पायऱ्यांवर. झेडएफएसला पूर्ण डिस्क देऊन पूल बनवला तरी लिनक्सवर तो आधी डिस्कवर जीपीटी प्रकारचं पार्टिशन टेबल लिहितो. १ नंबरचं पार्टिशन डेटाचं, आणि अगदी शेवटी ९ नंबरचं ८ एमबीचं राखीव. शिवाय जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरांत असते. डिस्क वाढली तेव्हा ती प्रत आणि ते ९ नंबर, दोन्ही जुन्या बांधावरच राहिले, आणि नवं ५० जीबीचं रान त्यांच्या पलीकडे पडून आहे.

पूल मात्र आपण होऊन तिकडे जात नाही, कारण ऑटोएक्स्पांड ही सेटिंग मुळातच बंद असते. हे मला बरोबर वाटतं. पूल एकदा पसरला की आवरता येत नाही, मग कुणी चुकून मोठी डिस्क लावली म्हणून त्याने मुकाट पसरावं का?

तर तुम्हाला करायचंय ते एवढंच. आधी झेडपूल स्टेटस बघा आणि डिस्कचं नाव तिथे जसं दिसतं तसंच उचला. एसडीबी असेल तर एसडीबी, नाहीतर ते लांबलचक क्यूईएमयू वालं आयडी. मग:

झेडपूल ऑनलाइन -ई डेटा एसडीबी

पूर्ण डिस्क झेडएफएसकडे असेल तर ही एकच आज्ञा टेबल दुरुस्त करते, ९ नंबरला शेवटी सरकवते आणि पूलही वाढवते. चालू मशीनवर, काही अनमाउंट न करता, दोन-तीन सेकंदांत. झेडपूल लिस्ट आता ९९.५जी दाखवेल. पुढे आणखी वाढवायची शक्यता असेल तर झेडपूल सेट ऑटोएक्स्पांड=ऑन डेटा करून ठेवा. व्हर्च्युअल मशीनवर मी ते चालू ठेवतो, कारण तिथे डिस्क चुकून मोठी होत नाही, आपणच केलेली असते.

कधीकधी आज्ञा मुकाट्याने परत येते आणि आकडा जागचा हलत नाही. मग बहुधा ते ९ नंबरच आडवं आलेलं असतं. आधी एसजीडिस्कच्या -बी पर्यायाने पार्टिशन टेबलची प्रत दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलीत ठेवा. नंतर पार्टेड एसडीबीवर उघडून प्रिंट म्हणा. तो तक्रार करेल की टेबल सगळी जागा वापरत नाहीये, दुरुस्त करू का? फिक्स म्हणा. मग आरएम ९, आणि मग रिसाइझपार्ट १ १००%. राखीव पार्टिशनमध्ये तुमचा डेटा नसतो, ते गेल्याने काही अडत नाही. जपायचा तो १ नंबरचा सुरुवातीचा सेक्टर, बहुधा २०४८. शेवट कुठेही न्या, सुरुवात हलवू नका. रिसाइझपार्ट सुरुवातीला हात लावत नाही, म्हणून पार्टिशन पुसून नव्याने बनवण्यापेक्षा मी हेच वापरतो. बाहेर येऊन पार्टप्रोब आणि पुन्हा तीच ऑनलाइन -ई.

पूल आरसा असेल, म्हणजे दोन डिस्कांवर एकच डेटा, तर दोन्ही डिस्का वाढवून दोन्हींना ऑनलाइन -ई द्यावं लागतं. आरशाची क्षमता लहान डिस्केइतकीच.

आता एक गोष्ट जी करू नका. तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी "झेडपूल ॲड करून नवी डिस्क जोडा" असं सुचवलंय. मी हे करून बसलेलो आहे. एका ठिकाणी नोकरीला असताना एकाच डिस्कचा पूल मोठ्या डिस्कवर हलवायचा होता. म्हणजे आज्ञा हवी होती रिप्लेस. रात्री साडेअकराला हातून गेलं ॲड. झेडएफएस आरशाच्या पूलमध्ये सुटी डिस्क ॲड केली तर कुरकुरतो, एकाच डिस्कच्या पूलला मात्र एका शब्दाने हटकत नाही. क्षणात पूल दोन डिस्कांवर पसरला, म्हणजे दोन्हींपैकी एक गेली तरी सगळं गेलं. तेव्हा ओपनझेडएफएसची ०.८ आवृत्ती आलेली नव्हती, त्यामुळे डिस्क काढून घ्यायची सोयच नव्हती. रविवारचा अख्खा दिवस सगळे डेटासेट (पूलमधल्या फाइल सिस्टिमी) सेंड-रिसीव्ह करून नव्या पूलवर नेण्यात गेला. तेव्हापासून ॲडच्या आधी -एन लावून काय होणार ते नुसतं छापून बघतो, आणि ०.८ आल्यापासून त्याही आधी झेडपूल चेकपॉइंट घेतो, म्हणजे ॲड चुकलं तर अख्खा पूल मागे नेता येतो. त्या क्षणानंतर लिहिलेलं सगळं मात्र जातं, हे लक्षात असू द्या.

पूल वाढला की फाइल सिस्टिमचं वेगळं काही करायचं नसतं. डेटासेट सगळे एकाच पूलमधून जागा उचलतात, कोटा लावलेला नसेल तर डीएफमध्ये नवा आकडा लगेच दिसतो. पूलमध्ये झेडव्हॉल (पूलमधून कापलेली आभासी डिस्क) करून त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम ठेवली असेल तर मात्र आधी झेडएफएस सेट व्हॉलसाइझ आणि मग रिसाइझ२एफएस. आणि झेडपूल लिस्टमधल्या फ्रीपेक्षा झेडएफएस लिस्टमधलं अव्हेलेबल तीनेक जीबीने कमी दिसेल, ती चोरी नाही. पूलचा बत्तिसावा हिस्सा झेडएफएस स्वतःकडे ठेवतो. तो फाइल पुसतानाही आधी नव्या जागी लिहितो, म्हणून पूल तुडुंब भरला तर पुसायलाही जागा उरणार नाही, त्यासाठी ही तजवीज.

रूटचं गणित वेगळं. उबंटू सर्व्हर नेहमीच्या पद्धतीने बसवला असेल तर तिथे एलव्हीएम आहे, म्हणजे डिस्कची जागा एका ग्रुपमध्ये घेऊन वाटणारी व्यवस्था, आणि डिस्क वाढवायच्या आधी व्हीजीएस चालवून व्हीफ्री (ग्रुपमधली मोकळी जागा) बघा. गंमत अशी की उबंटूचा इन्स्टॉलर मधल्या आकाराच्या डिस्केवर रूटला साधारण अर्धीच जागा देतो आणि उरलेली ग्रुपमध्ये मोकळी सोडतो. ४० जीबीच्या डिस्केवर रूट २० चं बघून लोक डिस्क ८० ची करतात. वीस जीबी तिथेच पडून असतात.

व्हीफ्री खरंच शून्य असेल तर डिस्क वाढवा आणि मग पार्टिशन वाढवणारी आज्ञा ग्रोपार्ट, एसडीए (पहिली डिस्क) आणि ३ मध्ये जागा सोडून. एसडीए३ असं सलग लिहिलं की ते चालत नाही, आणि माणूस दहा मिनिटं डोकं खाजवतो. पुढे पीव्हीरिसाइझ एसडीए३, इथे मात्र सलग. मग एलव्हीएक्स्टेंडला -आर लावा म्हणजे आतली फाइल सिस्टिमही त्याच दमात वाढते, ईएक्सटी४ असो की एक्सएफएस. सगळ्या ब्लॉगांवर इथे १००%फ्री लिहिलेलं असतं. मी लिहीत नाही. +१०जी द्या, उरलेलं ग्रुपमध्ये असू द्या, उद्या व्हार किंवा स्नॅपशॉटला लागेल. ईएक्सटी४ लहान करायचं तर अनमाउंट करावं लागतं, आणि रूट अनमाउंट करायचं म्हणजे लाइव्ह सीडी लावून बसणं. एक्सएफएस तर लहान होत नाही असंच धरून चाला.

जुन्या डेबियनवर एमबीआर हे जुन्या पद्धतीचं टेबल असेल तर आणखी एक अडथळा: एसडीए१ रूट आणि त्याच्या पाठोपाठ विस्तारित पार्टिशनमध्ये एसडीए५ स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा). रूट वाढवायचं तर स्वॅप वाटेत बसलेलं. स्वॅपऑफ करून ती दोन्ही पार्टिशनं काढा, रूट वाढवा, स्वॅपची फाइल करा आणि एफएसटॅबमधली जुनी ओळ काढायला विसरू नका, नाहीतर पुढचं बूट त्या स्वॅपची वाट बघत दीड मिनिट ताटकळतं.

आता लहान करण्याबद्दल. सरळ उत्तर: हा पूल जागच्या जागी लहान होणार नाही. आणि होस्टवरून डिस्क जबरदस्तीने कापाल तर आतलं सगळं जाईल, कारण शेवट कापला जातो आणि पूलला त्याचा पत्ता नसतो. ०.८ पासून एक आडवाट आहे: लहान डिस्क ॲड करायची आणि मग मोठी झेडपूल रिमूव्ह करायची. डेटा लहानीवर सरकतो. रेडझेड (अनेक डिस्कांवर पॅरिटीसह पसरलेला पूल) असेल तर चालत नाही, आणि दोन्ही डिस्कांचा ॲशिफ्ट (पूल किती मोठा सेक्टर धरतो ते सांगणारा आकडा) सारखा लागतो. व्हर्च्युअल डिस्का आपला सेक्टर ५१२ चा सांगतात, त्यामुळे जुन्या पूलचा ॲशिफ्ट ९ असण्याची शक्यता बरीच. तसं असेल तर ॲड करताना तोच द्या. मला विचाराल तर नव्या लहान डिस्केवर नवा पूल करून सेंड-रिसीव्ह करा, ते स्वच्छ.

पण तुमचं दुखणं डिस्कच्या आकाराचं नाही, होस्टवरच्या जागेचं आहे. होस्टवर डिस्क थिन असेल तर १०० जीबी हा नुसता कमाल आकडा, खरी जागा लिहू तेवढीच जाते. अडचण एवढीच की मशीनमध्ये फाइल पुसली तरी होस्टला ते कळत नाही. डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डवर खूण करा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा, आणि आत झेडपूल ट्रिम डेटा चालवा. पुसलेली जागा होस्टकडे परत जाते. रूटसाठी एफएसट्रिम आहे, उबंटूमध्ये ते आठवड्याला आपोआप चालतं. फक्त थिन डिस्का वाटताना होस्टच्या खऱ्या जागेवर लक्ष ठेवा. होस्ट भरला की एक नाही, त्यावरची सगळी मशीनं एकदम अडकतात.

ऑनलाइन -ई नंतरही ४९.५ च दिसलं तर झेडपूल स्टेटस -पी आणि पार्टेड प्रिंट, दोन्हींचं आउटपुट इथे टाका. संध्याकाळी बघतो.